गावातल्या दिव्यांग तरुणासाठी सरकारी मदत मिळवायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की मामेभाऊ 22 वर्षांचा आहे, त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) आहे, घरी कोरडवाहू शेती आणि हातात 2011 चा हाताने लिहिलेला दाखला. तहसीलमध्ये गेलं की 'आधी सिव्हिलला (जिल्हा रुग्णालयात) जा' म्हणून परत पाठवतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. 1 जून 2021 पासून दिव्यांगत्वाचा दाखला फक्त केंद्राच्या 'स्वावलंबन' पोर्टलवरून ऑनलाइनच निघतो आणि पुढचं जवळपास सगळं त्यासोबत मिळणाऱ्या यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावर, अवलंबून आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज नंतर भरा.

त्याच्याही आधी त्याचं आधार बघा. वयाच्या 15 व्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळे पुन्हा नोंदवावे लागतात. ते झालेलं नसेल तर पुढे प्रत्येक पडताळणीत अडकायला होतं. सेरेब्रल पाल्सीत मुठी आवळलेल्या असतात, मान स्थिर राहत नाही, आणि केंद्रावरचा मुलगा 'होत नाही' म्हणून परत पाठवतो. अशा वेळी 'बायोमेट्रिक एक्सेप्शन'ची, म्हणजे जे ठसे घेता येत नाहीत त्यांतून सूट मिळण्याची, सोय आहे. हाच शब्द वापरून मागा. आधार, रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला यांवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख एकसारखी करून घ्या. एका अक्षराचा फरक आज किरकोळ वाटतो, पण पैसे सुरू व्हायच्या वेळी तोच नडतो.

पोर्टलवर अर्ज करताना फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि जुना दाखला जोडा, आपल्या जिल्ह्यातलं रुग्णालय निवडा, पावती छापून ठेवा. मग रुग्णालयाच्या ठरलेल्या वारी त्याला घेऊन जा. वार प्रत्येक जिल्ह्यात वेगळा असतो, म्हणून आधी फोन करा. त्याला गाडी करून न्यावं लागत असेल तर एक फुकट फेरी फार महागात पडते. सोबत जुने उपचारांचे कागद, फिजिओथेरपीच्या नोंदी, असतील ते सगळे घ्या.

दाखला आला की तीन गोष्टी वाचा. पहिली, प्रकार. 'सेरेब्रल पाल्सी' असं लिहिलेलं हवं. नुसतं 'अस्थिव्यंग' लिहिलं असेल तर पुढे 'निरामय' या आरोग्यविम्याला अडचण येते. दुसरी, कायमस्वरूपी की तात्पुरता. तात्पुरता असेल तर मुदत संपायच्या आधी पुन्हा जावं लागेल. तिसरी, टक्केवारी. बौद्धिक दिव्यांगत्वही असेल तर दोन्हींची तपासणी मागा, पण आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. 50 आणि 30 टक्के असतील तर 80 होत नाहीत; ठरलेल्या सूत्राने ते 63 च्या आसपास येतात. 40 टक्क्यांना बहुतेक योजना लागू होतात. एसटीत 75 टक्के सवलतही 40 पासून मिळते, मात्र सोबत्याच्या निम्म्या तिकिटासाठी 65 लागतात. निर्णय पटला नाही तर 90 दिवसांत अपील करता येतं.

आता संजय गांधी निराधार अनुदान योजना. वय 18 ते 65, दिव्यांगत्व किमान 40 टक्के, महाराष्ट्रात 15 वर्षांचा रहिवास, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांपर्यंत. दिव्यांगांचं मासिक अनुदान 2025 च्या ऑक्टोबरपासून 1,500 वरून 2,500 रुपये झालंय. तलाठ्याच्या अहवालावर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला निघतो; तो चालू वर्षाचाच हवा. अर्ज तहसीलच्या समितीपुढे जातो, त्यामुळे पोचपावती घ्या आणि बैठक कधी आहे ते विचारत राहा. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. अनुदान बंद पडायचं हे नेहमीचं कारण आहे.

पैसे आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट बँक खात्यात येतात. इथे लोक फसतात ते असे: खात्याला आधार 'जोडलेलं' असतं, पण डीबीटीसाठी ते 'सीड' झालेलं नसतं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद नसते. दोन बँकांत खाती असतील तर ज्या बँकेत शेवटी सीडिंग झालं तिकडे रक्कम जाते आणि घरचे भलतंच पासबुक भरून घेत बसतात. बँकेत स्पष्ट विचारा, 'डीबीटीसाठी आधार कोणत्या बँकेला सीड आहे?'

खात्यावरून आणखी एक महत्त्वाचं. 18 पूर्ण झाल्यावर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा 1999 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती कायदेशीर पालक नेमते, आणि त्या प्रमाणपत्रावर बँकेत खातं चालवता येतं. पण भाऊ सगळं समजत असेल, फक्त बोलणं आणि हात साथ देत नसतील, तर पालक नेमायची घाई करू नका, असं मी आवर्जून सांगेन. ज्याला स्वतःचं कळतं त्याच्याकडून निर्णय काढून घेणं हा अन्याय आहे. अंगठ्यावर त्याच्याच नावाचं खातं निघू शकतं. त्याच न्यासाची 'निरामय' योजना वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्यविमा देते. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. लहान गावात घरपट्टी-पाणीपट्टी मिळून दोन लाख जमले तर ते दहा हजारच होतात, म्हणून फार मोठी आशा धरू नका. तरीही भावाचं नाव दिव्यांग नोंदवहीत घालायला लावा, ग्रामसभेत लेखी अर्ज द्या आणि मागच्या वर्षी हा निधी कशावर खर्च झाला ते विचारा. व्हीलचेअरसारखं साहित्य केंद्राच्या 'एडिप' योजनेतून शिबिरात मिळतं. तिथे त्याला स्वतःला न्या, मापं घ्यायला लावा. सेरेब्रल पाल्सीत पाठीला आणि मानेला आधार असलेली खुर्ची लागते. साधी खुर्ची दिली तर तो घसरत राहतो आणि महिनाभरात ती ओसरीवर पडून राहते.

कुठे अर्ज दाबून ठेवला तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे पोचपावतीच्या प्रतीसह लेखी तक्रार करा.