विंडोज एका डिस्कवर, उबुंटू दुसऱ्या डिस्कवर. विंडोज नवीन टाकल्यावर उबुंटू कसा काय गेला?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. निपाणीत डीटीपीचं दुकान, मराठी-कन्नड लग्नपत्रिका आणि अर्ज. डिझाइनसाठी कोरल आणि कन्नड टायपिंगसाठी नुडी लागतं म्हणून विंडोज एम डॉट टू एसएसडीवर (थेट बोर्डावर बसते ती डिस्क), आणि मुलाच्या इंजिनिअरिंगच्या अभ्यासासाठी उबुंटू (लिनक्स) वेगळ्या, केबलने जोडलेल्या साटा एसएसडीवर. विंडोज बिघडलं म्हणून फक्त त्याच डिस्कवर फॉरमॅट मारून नवीन टाकून घेतलं. उबुंटूच्या डिस्कला कुणी हात लावला नाही, तरी आता उबुंटू सुरू होत नाही. मशीन चालू होताना सिस्टीम निवडायची यादी येते त्या बूट मेनूत ‘उबुंटू’ नाव दिसतं, पण ते निवडलं की विंडोजच येतं. दुरुस्तीवाला म्हणतो, दोन्ही डिस्क फॉरमॅट करून पहिल्यापासून टाकू.

नको. उबुंटू जागच्या जागी आहे, मुलाच्या फाइलीही. गेलंय ते फक्त त्याचं दार, आणि ते दार दुसऱ्याच्या घरात बसवलेलं होतं.

युईएफआय म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा, जुन्या बायोसच्या जागी आलेला प्रोग्राम. युईएफआयवाल्या मशीनमध्ये कुठलीही सिस्टीम सुरू करणारी फाइल ईएसपी नावाच्या छोट्या फॅट ३२ पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या एका कप्प्यात असते. विंडोज स्वतःसाठी साधारण १०० एमबीचं ईएसपी करतं. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरची एक खोड आहे: बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) कुठल्या डिस्कवर टाकायचा ते तुम्ही खाली निवडलंत तरी युईएफआय मशीनवर तो पहिलं ईएसपी सापडेल तिथेच जाऊन बसतो. तुमच्याकडे पहिलं ईएसपी विंडोजच्या डिस्कवर होतं. म्हणजे डिस्क दोन, पण दार एकच. फॉरमॅट मारला तेव्हा दोघांचंही दार निघालं, आणि विंडोजने फक्त आपलं परत बसवलं.

मग मेनूत नाव का दिसतं? कारण ती यादी डिस्कवर नसते, मदरबोर्डच्या चिपमध्ये असते. यादीतल्या प्रत्येक नावापुढे पार्टिशनचा एक लांबलचक ओळखक्रमांक आणि फाइलचा रस्ता लिहिलेला असतो. नवीन पार्टिशनला नवीन क्रमांक मिळाला, जुना पत्ता मेला. मशीन त्या पत्त्यावर जातं, तिथं कुणी नाही म्हणून यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतं, आणि पुढचं नाव विंडोजचं.

खात्री करायची असेल तर एम डॉट टू काढून नुसती साटा डिस्क ठेवून मशीन चालू करा. ‘बूट करण्यासारखं काही नाही’ अशा अर्थाचा मेसेज आला की निदान पक्कं. ही चाचणी नवीन मशीन घेतानाही करून बघा की, दहा मिनिटांचं काम आहे.

दुरुस्तीला हात घालण्याआधी विंडोज चालू असतानाच तीन गोष्टी उरकून घ्या. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की होम आवृत्तीतसुद्धा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ न विचारता चालू झालेलं असू शकतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी ॲण्ड सिक्युरिटीखाली बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यातून काढून कागदावर छापून ठेवा. बूटचा क्रम किंवा सिक्युअर बूट (फक्त सही असलेला बूटलोडर चालू देणारं सेटिंग) बदललं की बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपला संशय येतो आणि ती हे आकडे मागते. त्या वेळी ते नसले तर पत्रिकांच्या सगळ्या फाइली समोर असून हाताला लागत नाहीत. दुसरी, कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘पॉवर बटनं काय करतात’ तिथं जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. ती असेपर्यंत विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग उबुंटूतून विंडोजच्या डिस्कवर काही लिहिता येत नाही. तिसरी, विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ उघडा आणि ‘बायोस मोड’समोर काय आहे ते वाचा. युईएफआय असेल तर पुढचं सगळं लागू. लेगसी, म्हणजे जुनी पद्धत असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही, तो वेगळा संसार आहे.

आता काम. ८ जीबी किंवा त्याहून मोठ्या पेनड्राइव्हवर रूफस या प्रोग्रामने उबुंटूचा आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) लिहून घ्या. मशीन बंद करा, मागची वायर काढा आणि एम डॉट टूचा एक स्क्रू सोडवून ती एसएसडी बाहेर ठेवा. जाणकार मंडळींना हे अति वाटेल, पण चुकीच्या डिस्कवर काही लिहिलं जाण्याची भीती याने मुळातच संपते. डिस्कच जागेवर नसेल तर ती खराब कोण करणार?

पेनड्राइव्हवरून सुरू करताना बूट मेनूत त्याचं नाव दोनदा दिसू शकतं. ज्याच्या आधी ‘युईएफआय’ लिहिलंय तेच निवडा, नाहीतर ग्रब, म्हणजे उबुंटूचा बूटलोडर, जुन्या पद्धतीने बसेल आणि सगळी मेहनत वाया. ‘ट्राय उबुंटू’ घ्या आणि जीपार्टेड हा पार्टिशन बदलायचा प्रोग्राम उघडा. नसेल तर मोबाईल यूएसबीने जोडून नेट द्या आणि उतरवून घ्या, नेट पुढेही लागणारच आहे.

जीपार्टेडमध्ये साटा डिस्कवर फॅट ३२ चं, ‘ईएसपी’ खूण असलेलं पार्टिशन आधीच आहे का ते बघा. बहुतेक नसेल. नसेल तर उबुंटूच्या, एक्स्ट ४ वाल्या मोठ्या पार्टिशनवर उजवं क्लिक, रिसाइज, आणि ‘नंतरची मोकळी जागा’ ५१२ करा. ‘आधीची मोकळी जागा’ या रकान्याला हातही लावू नका. शेवटाकडून जागा कापली तर सहसा थोडक्यात भागतं. सुरुवातीकडून कापली तर पार्टिशनमधला सगळा डेटा सरकवावा लागतो, त्याला तास लागतात आणि मधे लाईट गेली तर खरंच फॉरमॅटची वेळ येते. वळवाच्या दिवसांत हे काम यूपीएसशिवाय करू नका. ईएसपी डिस्कच्या सुरुवातीलाच पाहिजे असा काही नियम नाही, शेवटी चालतं. मोकळ्या झालेल्या ५१२ एमबीत फॅट ३२ पार्टिशन करा, हिरवी खूण दाबून लागू करा, मग ‘मॅनेज फ्लॅग्ज’मध्ये ‘ईएसपी’ टिक करा.

यानंतर बूट-रिपेअर, म्हणजे बूटलोडर परत बसवणारा प्रोग्राम. टर्मिनलमध्ये तीन ओळी लागतात. फोनवर सांगतात तशा लिहितो, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करा: ‘सुडो ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी पीपीए कोलन वाय-ए-एन-एन-उबुंटू (सलग एकच शब्द) स्लॅश बूट-रिपेअर’, मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बूट-रिपेअर’. ते उघडून ‘रेकमेंडेड रिपेअर’ दाबा. एरवी मी हे बटन दाबायला सांगत नाही, कारण दोन ईएसपी समोर असली की ते चुकीचं निवडू शकतं. पण आत्ता मशीनमध्ये एकच डिस्क आहे, त्यामुळे चुकायला जागाच नाही. मुलाला हाताने करायचं असेल तर उबुंटूचं पार्टिशन माउंट करायचं, त्याच्या बूट फोल्डरातल्या ईएफआय फोल्डरवर नवं ईएसपी माउंट करायचं, डेव्ह, प्रोक, सिस आणि रन हे चार बाइंड करायचे, सीएच-रूट करून ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब चालवायचं. निकाल तोच.

दोन्ही पद्धतींत शेवटी एक तपासा. नव्या ईएसपीत ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘उबुंटू’, आणि त्याशिवाय ‘बूट’ नावाचं फोल्डर व त्यात ‘बूट-एक्स-६४ डॉट ईएफआय’ ही फाइल असली पाहिजे. मदरबोर्डची यादी पुसली गेली तरी मशीन प्रत्येक डिस्कवर याच ठरलेल्या रस्त्याने शोधतं. फाइल नसेल तर ग्रब-इन्स्टॉल पुन्हा ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय देऊन चालवा. ही फाइल असली की ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तरी सुरू होते.

आणि एफएस-टॅब, म्हणजे सुरू होताना कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी. ईटीसी फोल्डरातल्या या फाइलमध्ये ‘बूट स्लॅश ईएफआय’च्या ओळीत अजून जुन्या, मेलेल्या ईएसपीचा क्रमांक असू शकतो. फॅटचा क्रमांक छोटा असतो, चार अक्षरं, मधे आडवी रेघ, पुन्हा चार. ‘बीएलकेआयडी’ कमांडने नव्या पार्टिशनचा क्रमांक बघा आणि जुळत नसेल तर बदला. हे राहिलं तर उबुंटू सुरू होताना दीड मिनिट अडकतो आणि मग ‘इमर्जन्सी मोड’ची काळी पाटी येते. लोक इथंच घाबरून परत फॉरमॅटकडे वळतात, प्रत्यक्षात एका ओळीची दुरुस्ती असते.

नुसत्या साटा डिस्कवर उबुंटू दोनदा नीट सुरू झाला की बंद करून एम डॉट टू परत बसवा. मधल्या काळात बोर्डाने विंडोजचं नाव यादीतून पुसलं असलं तरी काळजी नाही, विंडोजने ती ठरलेली फाइल आपल्या ईएसपीत ठेवलेली असते. बूटक्रमात विंडोज पहिलं ठेवा, दुकानाचं काम त्यावर आहे. मुलाने चालू करताना बूट मेनूची की दाबावी: डेल, लेनोवो आणि गिगाबाइटवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, एमएसआय आणि ॲसरॉकवर एफ ११, आसुसच्या बोर्डावर एफ ८. ग्रबच्याच मेनूत विंडोज हवं असेल तर ईटीसी, डिफॉल्ट, ग्रब या फाइलमध्ये ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ची किंमत ‘फॉल्स’ करून अपडेट-ग्रब चालवतात. ग्रब २.०६ पासून ही शोधाशोध मुळातच बंद ठेवलेली आहे, म्हणून हल्ली विंडोज आपोआप दिसत नाही. पण बिटलॉकर चालू असेल तर ग्रबमधून विंडोजमध्ये शिरताना ते ४८ आकडे मागितले जाऊ शकतात. माझं मत, दोन दारं वेगळी केलीत तर वेगळीच राहू द्या.

ज्यांनी विंडोज नवीन टाकलं नाही आणि नुसत्या अपडेटनंतर उबुंटू बंद पडला, त्यांनी स्क्रीनवरचे शब्द वाचावेत. ‘शिम एसबॅट’ आणि ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असं असेल तर तो ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटचा प्रसाद. तिथं पार्टिशनला हात लावायचा नाही. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, उबुंटूत जाऊन ‘सुडो मोक-युटिल’ला ‘सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ सांगा, रीस्टार्ट करून उबुंटू अपडेट करा आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. काळ्या स्क्रीनवर नुसतं ‘ग्रब’ आणि बाण दिसत असेल तर ग्रब सापडलाय, त्याची मेनूची फाइल सापडत नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ असेल तर ग्रबचे भागच जागेवर नाहीत, आणि मग वरचीच दुरुस्ती.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही घड्याळाचंही लिहिलंय, बिलावर वेळ चुकते म्हणून. उबुंटू वापरून विंडोजमध्ये आल्यावर वेळ बरोबर साडेपाच तास मागे असेल तर काही बिघडलेलं नाही. उबुंटू बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितो आणि विंडोज तिला स्थानिक वेळ समजतं. उबुंटूत ‘टाइमडेट-सीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ चालवा, मिटलं. पण लाईट गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलाय. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो. हा सेल मेला की तारखेबरोबर बायोसची सेटिंग्जही मूळपदावर जातात, आणि त्यात साटाचा मोड ‘आरएसटी’ किंवा ‘व्हीएमडी’वर गेला तर उबुंटूच्या इन्स्टॉलरला विंडोजची डिस्कच दिसत नाही किंवा विंडोज निळ्या स्क्रीनवर थांबतं. म्हणून मोडचा फोटो आत्ताच मोबाईलवर काढून ठेवा.

साटा डिस्क कधी दिसते, कधी नाही असं होत असेल तर आधी केबल बघा. खानापूर-जांबोटीकडच्या दमट हवेत कॉन्टॅक्ट गंज धरतात. उबुंटूच्या ‘डिस्क्स’ या प्रोग्राममध्ये स्मार्ट डेटा (डिस्कच्या तब्येतीची नोंद) उघडा, १९९ नंबरच्या ओळीतला सीआरसी चुकांचा आकडा वाढत असेल तर डिस्क नाही, केबल बदला. काही बोर्डांवर एम डॉट टूची जागा भरली की एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात, ते बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. तसं असेल तर केबल शेजारच्या पोर्टला लावा.

पुढच्या वेळी विंडोज टाकायला मशीन बेळगावला किंवा कोल्हापूरला न्याल तेव्हा घरूनच उबुंटूच्या डिस्कची साटा केबल काढून ठेवा. विंडोजचा सेटअपही दुसऱ्या डिस्कवर तयार ईएसपी दिसलं तर तिथं जाऊन बसतो, आणि मग हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो.