सावजीसोबत वाईन घ्यायची तर

भाऊ, पहिलीच बाटली रेड घेऊ नको. मी घेतली होती, तीही सावजी मटणासोबत. रेडमधलं टॅनिन, म्हणजे फार उकळलेल्या चहाचा असतो तसा तुरटपणा, तिखटाला आणखी भडकवतं. तर्रीचा एक घास, वर एक घोट, अन् कानातून धूर! अर्धी बाटली तशीच राहिली.

तू नाशिककडची चेनिन ब्लांक ही व्हाईट वाईन घे, जराशी गोडसर. पाटवडी रस्सा असो की भरलं वांगं, तो गोडवा तिखट झेलतो. अल्कोहोल वाढलं की आगही वाढते, म्हणून १४ टक्क्यांपेक्षा ११-१२ वाली बरी.

‘रेड खोलीच्या तापमानाला प्या’ म्हणतात, ते आपल्याकडं विसर. मे महिन्यात आपली खोलीच ४० अंशांवर! रेडला १६ ते १८ अंश लागतात, व्हाईटला ८ ते १०. लाईट गेली असेल तर बादलीत बर्फ, पाणी अन् मूठभर मीठ टाकून बाटली बुडव, वीसेक मिनिटांत गार होते. स्टीलच्या गिलासात वास नीट कळत नाही, काचेचा घे.

अन् सासुरवाडी वर्धा-गडचिरोलीकडं असेल तर बाटली घरीच ठेव, तिथं दारूबंदी आहे.