इंग्लंडमधल्या जुन्या जहागिरीच्या पार्कातून कुत्रा फिरवायला नेला तर कोणी अडवतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलीकडे ऑक्सफर्डशायरला सहा महिने राहायला जाताय. ती ऑफिसला गेली की कुत्रा फिरवायचं काम तुमच्याकडे. घराजवळची पायवाट एका लॉर्डच्या पार्कातून आणि पुढे जंगलातून जाते, आणि "परक्याच्या आवारात शिरताना कसंतरी वाटतं". तर कोणी अडवेल का, आणि आत गेल्यावर कुत्रा मोकळा सोडता येईल का?

अडवणार नाही. सोडू नका.

एवढ्यावर थांबले असते, पण ते "कसंतरी वाटतं" वाचलं आणि आमचा दादा डोळ्यांसमोर उभा राहिला. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, गावाकडे शेती करतो. मागे एकदा दसऱ्यानंतर आमच्याकडे रेडिंगला आला होता. लंडन बघून कंटाळला, म्हणाला जरा माती दाखव. म्हणून त्याला आणि आमच्या बंड्याला (स्प्रिंगर स्पॅनियल, नाकावर चालणारं जनावर) गाडीत घालून स्टोनॉरला नेलं.

हेन्लीच्या उत्तरेला चिल्टर्न टेकड्यांच्या एका खोऱ्यात स्टोनॉर पार्क आहे. एकच घराणं तिथे आठशे वर्षांहून जास्त काळ नांदतंय. घराभोवती हरणांचं पार्क, आणि त्या पार्कातून सार्वजनिक पायवाट जाते. रस्त्याला लागून डोक्याच्या वर जाणारं जाळीचं कुंपण, त्यात एक उंच फाटक. मी फाटक ढकललं, बंड्या आत, मी आत, आणि दादा बाहेरच उभा.

"अगं कुणाचं आहे हे?"

"मालकाचं."

"मग त्याला विचारलंस का?"

नाही विचारलं, आणि विचारायचं नसतं. दादा म्हणाला, "पाटलाच्या वाड्यातनं अशी फुकट जाशील का तू?" वाड्यातून नाही जाणार, पण वाड्याच्या जमिनीतून वाट असेल तर जाईन की. तो आला शेवटी, पण पांढरे बूट जपत, चोरासारखा, आणि दर दहा पावलांवर मागे बघत.

वाट तिरकी चढत जाते आणि खाली खोलगटात लाल विटांचं लांबच लांब घर दिसतं. शेजारी छोटं चर्च. इथे मी जरा इतिहास सांगितला, कारण दादाला चालताना काहीतरी ऐकायला लागतं. हे घराणं कॅथलिक. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात प्रॉटेस्टंट चर्चला न जाणाऱ्याला दंड असे, तो भरता भरता यांच्या बऱ्याच जमिनी गेल्या. १५८१ मध्ये एडमंड कॅम्पियन नावाच्या जेझुइट पाद्र्याने याच घरात लपवलेल्या छापखान्यात पुस्तिका छापली. जूनच्या अखेरीस तिच्या प्रती ऑक्सफर्डच्या चर्चमध्ये बाकांवर ठेवलेल्या सापडल्या. जुलैत तो पकडला गेला आणि १ डिसेंबरला लंडनमध्ये टायबर्नला त्याला हाल करून मारलं. त्याच्याच पंथाचा दुसरा इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ मध्येच गोव्याला पोचला होता, आणि पुढे आपल्या मराठीत हजारो ओव्या लिहून गेला. दादाने यातलं एकच लक्षात ठेवलं. "म्हणजे यांच्यापण जमिनी गेल्या तर."

हरणं म्हणाल तर फॅलो जातीची. नॉर्मन लोकांनी या देशात आणली. उन्हाळ्यात अंगावर चितळासारखे ठिपके असतात, थंडी आली की फिके पडतात, आणि नराची शिंगं टोकाला पसरट, पंजा उघडल्यासारखी. ऑक्टोबरमध्ये ते माजावर असतात. घशातून घोरल्यासारखा आवाज काढत एकेक नर आपली जागा धरून उभा असतो. दादाचं लक्ष मात्र झाडांकडे. "यांना खालून कापतं कोण? दोरी लावून छाटल्यासारखी दिसतात." कोणी छाटत नाही. हरणाचं तोंड जिथवर पोचतं तिथवर पाला खाल्ला जातो, म्हणून उतारावरच्या सगळ्या झाडांची खालची कड एका रेषेत. हे मला इतकी वर्षं जाऊन दिसलं नव्हतं, त्याला पाच मिनिटांत दिसलं.

तेवढ्यात समोरून इस्टेटीची गाडी आली. दादाचा चेहरा पडला. म्हणाला, "बघ, आता ऐकून घे." गाडीतल्या माणसाने काच खाली केली, आधी बंड्याच्या पट्ट्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. "दोरीला ठेवलाय, बरं केलंत," म्हणाला आणि गेला. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या एका नजरेत आहे. त्याला तुमच्याशी घेणं नाही, कुत्र्याशी आहे. माजावरचा नर कुत्र्यावर चालून येतो. मे-जूनच्या सुमाराला पाडसं गवतात लपवलेली असतात, तेव्हा आया चालून येतात.

"आपला कुत्रा तसा नाही" हे मला कृपा करून सांगू नका. प्रत्येकाचा कुत्रा तसा नसतो. १९५३ च्या कायद्याने मेंढ्यांच्या कुरणात कुत्रा ताब्यात नसणं हाच गुन्हा आहे, त्याने मेंढीला शिवलं नाही तरी. आणि मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला दुसरा इलाज नसताना शेतकऱ्याने गोळी घातली, तर १९७१ च्या कायद्यात त्याला बचाव आहे.

पार्कातून वर चढलं की आणखी एक उंच फाटक आणि मग बीच नावाच्या झाडांचं जंगल. चिल्टर्नमधली ही जंगलंसुद्धा जपून, कापून, वापरून ठेवलेली. हाय विकम हे खुर्च्यांचं गाव इथून जवळच. तिथल्या खुर्च्यांचे पाय याच टेकड्यांवर, झाडाखालीच लेथ मांडून बसलेले कारागीर कातून द्यायचे. बीचच्या सावलीत खाली फारसं काही उगवत नाही, नुसता तांबूस पाल्याचा थर, त्यामुळे वाट कुठली आणि जंगल कुठलं ते कळत नाही. म्हणून इथे झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाचे बाण काढलेले असतात. ते बघत चालायचं.

जंगलात शिरल्यावर दादाला बंड्याची दया आली. "बिचाऱ्याला आता तरी सोड की." नाही सोडला. १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी फेझंटच्या शिकारीचा हंगाम. त्यासाठी पाळून सोडलेले पक्षी या जंगलांत जागोजागी असतात, आणि स्पॅनियल जात तर पिढ्यानपिढ्या पक्षी उठवण्यासाठीच वाढवलेली. सोडला असता तर तो मला थेट पुढच्या गावात भेटला असता. उन्हाळ्याच्या तोंडाशी वेगळी भानगड, जमिनीवर घरटी करणारे पक्षी. म्हणजे सोडायला बरा असा महिना कॅलेंडरात फारसा उरतच नाही. विष्ठेचं तर बोलायलाच नको. पिशवीत भरून ती पिशवी फांदीला टांगून जाणारे महाभाग इथेही आहेत, सुशिक्षित आहेत आणि गोरे आहेत. पिशवी घरी न्यायची. बेल्जियममध्ये घेंटजवळच्या राखीव जंगलांत मोजलं, तर कुत्र्यांमुळे दर हेक्टरी वर्षाला ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस पडत होता. आपल्याकडे शेतकऱ्याला हे खत वाटेल, पण रानफुलांना खत सोसत नाही, नेटलसारखी खाजरी झुडपं माजतात आणि नाजूक रोपं मरतात.

आता खरी गोष्ट. जंगल संपलं की वर सपाटीवर शेतं लागतात. गहू नुकताच उगवून आला होता, बोटभर हिरव्या ओळी. आणि त्या शेताच्या मधोमध, एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत, साधारण मीटरभर रुंद पट्टी सरळ गेलेली. ट्रॅक्टरच्या चाकाने दाबून घट्ट केलेली, तिथे पेरलेलं उगवू दिलेलं नाही. दादा थांबला. पांढरे बूट एव्हाना चिखलात बुडालेले. वाकला, पट्टीवर पावलाला पाऊल लावून रुंदी मोजली.

"हे मालकानंच सोडलंय?"

सोडावंच लागतं. १९८० च्या हायवेज कायद्यात आहे. शेतातून आडवी जाणारी पायवाट मशागतीसाठी नांगरता येते, पण नांगरल्यापासून १४ दिवसांत ती किमान एक मीटर रुंद, चालण्याजोगी, पुन्हा करून द्यायची. नंतर त्याच पिकासाठी परत मोडली तर २४ तासांत. कडेने जाणारी वाट असेल तर तिला नांगर लावायचाच नाही. या वाटा १९४९ च्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्याच्या नकाशांवर चढवल्या गेल्या. नकाशावर एकदा वाट चढली की मालक बदलला, वारस बदलला, जमीन विकली गेली, तरी वाट असते. आणि नकाशावर नसलेली वाट लोक २० वर्षं उघडपणे, कोणी न अडवता वापरत असतील, तर ती सार्वजनिक धरली जाते.

हे सगळं मी दादाला शेतात उभं राहून सांगितलं. आवाज चढला होता. कारण असं की आमच्या गावाकडे आमच्या तुकड्याला जाणारी पाणंद होती. बैलगाडी जाईल एवढी. दादाच्या घरच्यांनी दरवर्षी नांगराचं एकेक तास आत सरकत ती नांगरून टाकली. आमचा ऊस डोक्यावरून बाहेर काढावा लागायचा. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, पण सहा महिन्यांच्या आत. माझ्या वडिलांनी, आबांनी, "भावावर अर्ज करायचा का?" करत ते सहा महिने घालवले. दादा तेव्हाही हेच म्हणायचा, मालकाची जमीन, मालकाची मर्जी.

त्या गव्हाच्या शेतात तो काय म्हणाला सांगते. "यांची पाचशे एकर असेल. एक मीटर सोडायला काय जातंय? आमची दीड एकर."

बरोबर आहे. दीड एकरात एक मीटर दिसतो, आणि गाडीवाट म्हणजे मीटरभर नाही, त्याच्या तिप्पट. पण पाणंद त्याच्या सातबाऱ्यावर कधी नव्हतीच, गाव नकाशावर होती. सोडायचा प्रश्नच नव्हता, फक्त घ्यायची नव्हती.

पुढच्या कुरणात गाई होत्या, दोघींबरोबर वासरं. इथे मात्र दादा शहाणा निघाला. मी सरळ जाणार होते, त्याने हात धरून थांबवलं, कडेकडेने मोठा वळसा घालायला लावला. "वासराची गाय कुत्रं बघून येते, माणूस बघून नाही." इंग्लंडमध्येही हेच सांगतात. गाई अंगावर आल्या तर पट्टा हातातून सोडा, कुत्रा पळून वाचतो आणि गाई तुम्हाला सोडून त्याच्या मागे जातात. "सोडू नका" म्हटलं त्याला हा एवढाच अपवाद.

बाकी तुमच्यासाठी. वाट तुमची आहे, पार्क नाही. वाट सोडून तळ्यापाशी फोटोला गेलात तर ती आगळीक, आणि तेव्हा कोणी बोललं तर निमूट ऐका. काही वाटा मालकाच्या मर्जीवरच्या असतात, त्या वर्षातून एखाद्या दिवशी बंदही करतात, तशी पाटी असते. पिवळा बाण पायी जाणाऱ्यांचा, निळा घोडेवाल्यांचाही. कुत्र्याच्या गळ्यात मालकाचं नाव-पत्ता असलेला पट्टा हवा. मायक्रोचिप सक्तीची आहे, ती मुलीने केलेली असेलच. घरी आल्यावर कुत्र्याच्या कानामागे आणि स्वतःच्या पोटऱ्यांवर गोचीड बघा. ओकची फळं कुत्र्याला खाऊ देऊ नका. हे सगळं इंग्लंड-वेल्सचं, स्कॉटलंडचा कायदा निराळा. आणि ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० चा कागदी नकाशा विकत घ्या, एक्स्प्लोरर १७१ त्या भागाचा. हिरव्या तुटक रेघा म्हणजे वाटा. खोऱ्यात फोनला रेंज नसते.

दादा, ही लिंक तुला वहिनीने पाठवली असणारच. आबा गेले, तो ऊसही आता नाही, तुकडा बटईने दिलाय. तरी येत्या उन्हाळ्यात मी गावी येणार आहे आणि मोजणी मागवणार आहे. अर्ज तयार आहे.