ओटीत तिचं नावच नसतं: साक्षीदार असलेल्या जेआर-२ ने काय करावं?

प्रश्न: मी शासकीय महाविद्यालयात एमएस सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे जेआर-२ (ज्युनियर रेसिडेंट) आहे. आमच्या युनिटमध्ये तीन जेआर-१ आहेत. त्यांतल्या आदिवासी समाजातल्या मुलीला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) घेतच नाहीत. ड्रेसिंग, रिपोर्ट आणणं, डिस्चार्ज कार्ड, एवढंच तिच्याकडे. एक जेआर-३ सगळ्यांसमोर तिला ‘कोट्यातली’ म्हणतात. मला हे पटत नाही, पण माझा थीसिस याच युनिटमध्ये आहे. बोललो तर माझं नुकसान होईल का?

उत्तर: होऊ शकतं. थीसिसवर गाइडची सही लागते, लॉगबुकवरही (केलेल्या कामाची नोंदवही). म्हणून सुरुवात भांडणाने नको, रोस्टरने (ड्युटीच्या तक्त्याने) करा. बऱ्याच युनिटमध्ये ते जेआर-२ च बनवतो. तुमच्याकडे असेल तर बरंच काही तुमच्याच हातात आहे.

मागच्या आठ आठवड्यांचं ओटी रजिस्टर काढा. प्रत्येक केसला कोण स्क्रब झालं (हात धुऊन शस्त्रक्रियेला उभं राहिलं), पहिला असिस्टंट कोण, एवढंच वहीत उतरवा आणि तिन्ही जेआर-१ चे आकडे शेजारी मांडा. रुग्णांची नावं लिहू नका, केसपेपरचे फोटो काढू नका. गोपनीयता मोडल्याचा ठपका तुमच्यावरच येईल. हा कागद घेऊन युनिट हेडना एकटं गाठा. ‘ती स्लो आहे’ हे उत्तर ठरलेलं. स्लो असेल तर तिला केस जास्त द्यायला हव्यात ना?

पुढच्या महिन्याच्या रोस्टरमध्ये ओटी आणि वॉर्ड आळीपाळीने लावा. इथे एक गोष्ट हमखास बिघडते: कागदावर तिची ओटी असते आणि ऐनवेळी तिलाच ब्लड बँकेत पिटाळतात. म्हणून धावपळीच्या कामाला रोज एक वेगळं नाव लावा, तेही तिघांत फिरतं ठेवा आणि खाली युनिट हेडची सही घ्या. २०२३ च्या वैद्यकीय पदव्युत्तर नियमांत साप्ताहिक सुट्टी (तातडीचं काम नसेल तर) आणि वर्षाला किमान २० पगारी किरकोळ रजा आहेत. त्या तिला मिळतात का, तेही बघा.

टोमण्यांचा प्रश्न निराळा. ‘सर, कामाबद्दल बोला, जात कशाला काढता?’ एवढं एक वाक्य त्याच वेळी म्हणा आणि कामाला लागा. त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं (सिस्टर, भूलतज्ज्ञ, वॉर्डातल्या मावशी) हे लिहून ठेवा. ‘जातिवाचक बोलले’ अशी मोघम नोंद चौकशीत टिकत नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला का, हे पाहिलं जातं. म्हणून हजर माणसांची नावं मोलाची. व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलं असेल तर स्क्रीनशॉटवर थांबू नका, मूळ चॅट जपा.

पण त्याआधी तिच्याशी बोला, वॉर्डबाहेर, निवांत. तिला तक्रार नको असेल तर अ‍ॅट्रॉसिटीची पायरी तिच्याऐवजी तुम्ही चढू नका. परस्पर ‘न्याय’ मिळवून देणारे सहकारी पुढच्या पोस्टिंगला निघून जातात आणि ती त्याच वॉर्डात उरते.

रॅगिंगची तक्रार मात्र तुम्हीही करू शकता. यूजीसीच्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार जातीवरून छळणं आणि वगळणं, दोन्ही रॅगिंगच. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार विद्यार्थ्याने संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार दिली की सात दिवसांत चौकशी करावी लागते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याचं निलंबन होतं आणि तक्रार पोलिसांकडे जाते. प्रमुखाने दुर्लक्ष केलं तर गुन्ह्याला मदत केली असं धरलं जातं. डीन कार्यालयात अर्ज द्या, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टर पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर, आपण आधीच तक्रार केली होती असं कुटुंबीयांनी सांगितलं होतं. तोंडी तक्रारीला पुरावा उरत नाही. शक्य तर दोघे-तिघे मिळून सह्या करा. यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. तिची झोप-जेवण सुटलं असेल, किंवा ती निराशेचं बोलत असेल, तर आकडे जमण्याची वाट बघू नका. तिच्या घरी कळवायला तिला मदत करा, टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक द्या.

आणि तुमचं स्वतःचं: अर्ज देण्याआधी लॉगबुकवर आजवरच्या सगळ्या सह्या उरकून घ्या, थीसिसचा डेटा दुसरीकडेही ठेवा आणि यापुढे गाइडना प्रत्येक मसुदा ई-मेलनेच पाठवा.