कमी खर्चात डेस्कटॉपमध्ये धूळ जाण्यापासून कशी रोखावी?

आधी कॅबिनेट जमिनीवरून उचला. केर काढताना उडणारी धूळ खालच्या जाळीतून सरळ आत ओढली जाते. पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर ठेवलं तरी बराच फरक पडतो. मग हवा आत घेणाऱ्या पंख्यांसमोर, बाहेरच्या बाजूने, जुना पातळ नायलॉनचा मोजा ताणून चिकटवा. एकच थर हवा, नाहीतर हवा अडते आणि प्रोसेसर तापतो. धूळ साचलेली दिसली की काढून धुवा. मागच्या रिकाम्या स्लॉटवर (कार्ड बसवायच्या खाचेवर) पट्टी नसेल तर तिथे चिकटपट्टी लावा, ही फट बरेच जण विसरतात. आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त असले तर उत्तमच, फटींतून धूळ सहसा शिरत नाही. साफ करताना प्लग काढा, पंख्याचं पातं बोटाने धरा आणि मऊ ब्रश फिरवा. चालू मशीनवर कापडी कव्हर मात्र कधीच घालू नका.