दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघात खेळलेला पहिला गौरेतर खेळाडू कोण? त्याला फक्त जगाला दाखवण्यासाठी संघात घेतलं होतं का?

एरॉल टोबायस. केप प्रांतातल्या कॅलेडन गावचा, जन्म १९५०चा. वर्णद्वेषी राजवटीच्या कागदोपत्री तो ‘कलर्ड’, म्हणजे संमिश्र वंशाचा. ३० मे १९८१ रोजी केपटाऊनच्या न्यूलँड्स मैदानावर आयर्लंडविरुद्ध तो स्प्रिंगबॉक, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संघाकडून पहिली कसोटी (आंतरराष्ट्रीय सामना) खेळला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. रग्बीत या वयात बरेच जण निवृत्तीचा विचार करू लागतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देणं त्याच्यावर अन्याय करणारं ठरेल.

सरकारला आणि रग्बी मंडळाला त्याचा चेहरा हवा होता, यात मला शंका नाही. खेळातला बहिष्कार तेव्हा आवळत चालला होता. आपल्याकडे तर १९७४ साली भारताने डेव्हिस चषकाची अंतिम फेरी सोडून दिली होती, कारण समोर दक्षिण आफ्रिका होती. १९८१च्या त्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर जायला आयर्लंडच्या टोनी वॉर्ड, मॉस कीन, ह्यूगो मॅकनील या खेळाडूंनी नकार दिला. मंडेला अजून रॉबेन बेटावर कैदेत होते. अशा वेळी ‘बघा, आमच्या संघात रंग पाहत नाहीत’ असं सांगायला टोबायस सोयीचा होता. त्यामुळे त्याला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागलं. काही गोऱ्यांना तो संघात नको होता, आणि ‘विषम समाजात निकोप खेळ असूच शकत नाही’ असं मानणाऱ्या त्याच्याच समाजातल्या अनेकांना तो फितूर वाटला. त्या लोकांची भूमिका मला पटते. बहिष्कार नसता, तर ती राजवट आणखी टिकली असती असं माझं मत आहे.

पण खेळाडू म्हणून तो दिखाऊ होता का? मुळीच नाही, आणि याचा पुरावा १९८४ सालात आहे. पहिल्या दोन कसोट्या तो सेंटर, म्हणजे मागच्या फळीतल्या मधल्या जागी खेळला होता. त्यानंतर न्यूझीलंडच्या त्या गाजलेल्या, निदर्शनांनी हादरलेल्या दौऱ्यावर त्याला नेलं, पण एकाही कसोटीत उतरवलं नाही. १९८४मध्ये मात्र त्याच्याकडे फ्लायहाफची जागा आली. ही जागा म्हणजे संघाचं डोकं. स्क्रममधून, म्हणजे दोन्ही संघांच्या एकमेकांना भिडलेल्या घोळक्यातून, चेंडू सुटला की स्क्रमहाफ तो साधारण याच्याच हातात देतो, आणि लाथाडायचा, पास द्यायचा की स्वतः पळायचं, हे समोरचे बचावपटू अंगावर येईपर्यंत ठरवावं लागतं. नावापुरता घेतलेला माणूस एखाद्या कडेच्या जागी खपून जाईल, इथे पाच मिनिटांत उघडा पडेल.

टोबायसने इंग्लंडविरुद्ध दोन आणि दक्षिण अमेरिकन जग्वार्स संघाविरुद्ध दोन अशा चारही कसोट्या फ्लायहाफला खेळून काढल्या. जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर इंग्लंडला ३५-९ असं लोळवलं, त्यात टोबायसचा स्वतःचा एक ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) होता. मला त्याहून मोठी वाटते ती त्याचा सहकारी डॅनी गर्बरच्या त्या दिवशीच्या तीन ट्रायची गोष्ट. स्प्रिंगबॉक तोवर लाथेवर भरवसा ठेवणारा संघ म्हणून ओळखला जायचा. टोबायस चेंडू हातात खेळवायचा, आणि मग त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या गर्बरसारख्या माणसाला पळायला जागा मिळायची.

एकूण सहा कसोट्या आणि सहाही विजय. बस, एवढीच कारकीर्द! ती छोटी राहिली याला त्याचा खेळ कारणीभूत नव्हता. विशीतला बराचसा काळ, पाय सर्वांत वेगवान असताना, स्प्रिंगबॉक निवडीचं दार त्याच्यासाठी बंदच होतं. १९७१मध्ये तो इंग्लंडला गेला तोसुद्धा ‘प्रोटियाज’ या वेगळ्या, गौरेतर संघातून. नंतर तो कॅलेडनचा महापौर झाला.

१९९५च्या रग्बी विश्वचषकातला दक्षिण आफ्रिकेचा चेस्टर विल्यम्स सगळ्यांना आठवतो. त्याचे काका ॲव्हरिल विल्यम्स १९८४च्या त्या इंग्लंड मालिकेत टोबायससोबत खेळले होते, स्प्रिंगबॉकचे दुसरे गौरेतर खेळाडू म्हणून. जुनं चित्रण हाती लागलं तर एलिस पार्कचा तो सामना आधी बघा, आणि नजर दहा नंबरवर, म्हणजे फ्लायहाफ टोबायसवर ठेवा.