पातं तुटलं की खुर्ची सोडायची

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा आठवीची परीक्षा देऊन मोकळा झालाय, सुट्टीत बापलेकांनी मिळून स्क्रोल सॉवर, म्हणजे उभं बारीक पातं वरखाली करत लाकडात नक्षी कापणाऱ्या टेबलावरच्या करवत-मशीनवर, लाकूडकाम करायचंय, घर दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मशीन कुठलं घ्यावं, शेजारी ओरडतील का, आणि पोरगं आठ दिवसांत कंटाळणार तर नाही ना?

मशीनचं नंतर बघू. आधी कंटाळ्याचं सांगते, कारण आमच्या घरी हा छंद बंद पडायची वेळ आली होती ती मशीनमुळे नाही, खुर्चीमुळे.

माझे सासरे, नाना, टूलरूममधून रिटायर झालेले फिटर. मशीन आलं तेव्हा ठरलं की आपण दोघं मिळून करायचं. प्रत्यक्षात काय झालं, तर नाना कापायचे आणि मी घासायची. नाना कापायचे, मी भोकं पाडायची. नाना कापायचे, मी भुसा झाडायची. तीन महिने मी पॉलिश पेपर १२० नंबर, मग २२० नंबर, एवढंच केलं. नानांच्या मनात काही नव्हतं हो, चांगल्या हत्याराला दुसऱ्याचा हात लावू द्यायचा नाही ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. मी एक दिवस सरळ सांगितलं, "नाना, घासायला बाई ठेवा." चार दिवस मशीनवर कापड होतं.

मग नियम झाला: पातं तुटलं की खुर्ची सोडायची. गल्ली क्रिकेटमध्ये आउट झालं की बॅट द्यायची, तसं. ज्याच्या हातात पातं तुटेल त्याने उठायचं, दुसऱ्याने बसायचं, मग पाच मिनिटं झाली असोत की पंचवीस. यात गंमत अशी की पातं तुटतंच. बारीक पातं वीस-पंचवीस मिनिटांच्या कापणीत बोथट होतं, आणि बोथट पात्यावर माणूस जोर लावतो, की ट्टक. नवशिक्याची पाती जास्त तुटतात हे खरं, पण अनुभवी माणूस बारीक नंबरचं पातं घेऊन बसतो, त्यामुळे हिशेब बऱ्यापैकी बरोबरीत राहतो. तुमच्या मुलाला पहिल्याच दिवशी कापू द्या. आधी घास, मग शीक, असं अजिबात नको.

पहिल्या दिवशी कापताना त्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. सरळ रेघेवर प्लाय सरळ ढकलला तरी पातं एका बाजूला ओढतं. बहुतेक पात्यांना बनवतानाच एका कडेला बारीक कोर राहते, त्या बाजूला ती जास्त कापतात. म्हणून प्लाय तीन-चार अंश तिरका धरून सरकवायचा. हे माहीत नसलं की पोराला वाटतं आपलाच हात वाकडा. दाते खाली तोंड करून आहेत ना हे बोट फिरवून बघायचं. उलटं बसवलं तर प्लाय टेबलावर नाचतो. ताण बघायला पातं बोटाने छेडायचं, ढब्ब वाजलं तर सैल, टणकन वाजलं तर ठीक. ते काम नाना अजून कान लावून करतात, तंबोरा लावल्यासारखं.

पॅटर्नचा कागद थेट लाकडावर चिकटवू नका, नंतर खरवडत बसाल. आधी लाकडावर तपकिरी पॅकिंग टेप लावायची, तिच्यावर कागद. कापून झालं की दोन्ही एकदम निघतात, शिवाय टेपमुळे कडा जळत नाहीत. आतली भोकं आधी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, म्हणजे धरायला शेवटपर्यंत जागा राहते.

सुरुवात म्हणून घराच्या नावाची पाटी सगळेच सुचवतात. मीही सुचवते, कारण देवनागरी या मशीनसाठीच जन्माला आल्यासारखी आहे. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी पडतात, आपली शिरोरेषेला टांगलेली असतात, अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. ग, ण, श यांचे काने अक्षरापासून सुटे असले तरी वरून धरलेले असतात. शिरोरेषा ७-८ मिलिमीटर जाड ठेवा. आणि ६ मिलिमीटरचा चांगला प्लायच घ्या, सागाच्या फळीचा मोह नको. फळीत रेषा आडव्या शिरोरेषेच्या दिशेने धरल्या की उभे काने आडव्या रेषेत येतात आणि घासतानाच मोडतात. आमचे दोन गेले.

पण अनुस्वार! आमच्या पाटीवर 'आनंद' होतं. पाटी सुरेख निघाली, टिंब कापलं तेव्हा ते खाली भुश्यात पडलं आणि मी व्हॅक्युम क्लीनर फिरवला. दीड दिवस आमच्या घराचं नाव 'आनद' होतं. शेवटी पिशवी फाडून टिंब शोधलं. तेव्हा मागे पातळ पाठफळी लावायची आणि टिंब कापल्या कापल्या वाटीत टाकायचं.

पुढे जाऊन दोघांच्या हाताचं एकच मोठं काम घ्या. आम्ही गणपतीचं मखर घेतलं. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि आमच्याकडचं दरवर्षीचं पांढरं मखर गेलं, तेव्हा नाना म्हणाले जाळीचंच करू. डावी-उजवी बाजू अगदी सारखी हवी म्हणून दोन प्लाय दुहेरी टेपने एकावर एक चिकटवून एकदम कापले. अशा वेळी ताण कमी असला तर पातं मध्ये फुगतं आणि खालची जाळी वरच्याहून वेगळी निघते, हे सांभाळा. प्रभावळ मात्र एकच होती. अर्धी झाली आणि नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. उरलेली अर्धी मी कापली, ते शेजारी काळा चष्मा लावून नुसता आवाज ऐकत, "ढकलतेयस, ढकलतेयस, येऊ दे त्याला." त्यांच्या पाकळ्या गोल आहेत, माझ्या किंचित चपट्या. दरवर्षी पाहुण्यांना सांगायचं नाही असं ठरतं आणि नानाच सांगतात.

शेजाऱ्यांचं. मशीनचा आवाज मिक्सरपेक्षा कमी असतो. त्रास होतो तो थरथरीचा, जी टेबलाच्या पायांतून खालच्या मजल्यावर उतरते. मशीन टेबलाला बोल्टने कसा, पायांखाली जाड रबर घाला, सामाईक भिंतीपासून लांब ठेवा, आणि दुपारी दोन ते चार झाकून ठेवा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, कापणार असाल तर मास्क दोघांनीही, नुसता कापणाऱ्याने नाही; ती धूळ फार बारीक असते आणि तिच्यात डिंकाची रसायनं असतात. डोळे वाचवणारा चष्मा तर कायम.

आता मशीन. १६ इंची पुरे. हा आकडा पात्यापासून मागच्या खांबापर्यंतच्या अंतराचा, म्हणजे तेवढी फळी आत फिरते. वेग कमी-जास्त करता येणारं घ्या, आणि मुख्य म्हणजे बिनपिनेचं पातं बसणारं. काही पात्यांच्या दोन्ही टोकांना अडकवायला आडवी पिन असते, काहींची टोकं साधी असतात. पिनेच्या पात्याला आत ओवायला मोठं भोक लागतं, बारीक जाळी होत नाही; बिनपिनेच्याला दीड मिलिमीटरचं भोक चालतं. खात्री नसेल तर आधी काहीशे रुपयांचा हाताचा फ्रेटसॉ, म्हणजे धनुष्यासारख्या चौकटीतली बारीक करवत, घ्या. मैसूरला शिसवीवरचं जडावकाम करणारे तसल्याच हाताच्या बारीक करवतीने नक्षी कापतात, त्यामुळे हत्यार कमी पडेल ही भीती नको. कापायचा प्लाय टेकवायला टेबलाला व्ही खाच असलेली फळी शिकंज्याने आवळली की झालं. आणि हो, फ्रेटसॉ दोन घेता येतात, मग खुर्चीचं भांडणच नाही.

पाती ३ नंबर आणि ५ नंबर (नंबर लहान तितकं पातं बारीक), दोन्ही डझनावर मागवा. सुट्टी संपेपर्यंत तीन डझन सहज लागतील, आणि पहिली दोन तुमच्या हातून तुटतील, मुलाच्या नाही.